लाइन क्लिअर

आमच्या घरातून रेल्वे अजून निवृत्त झालेली नाही. बाबा निवृत्त झाले त्याला कितीतरी वर्षे झाली. पण रात्री दोन-अडीचच्या सुमारास एखादी मालगाडी स्टेशन सोडून वर्धा नदीच्या पुलावर चढली आणि तो ओळखीचा घुमारा सुरू झाला, की शेजारच्या खोलीतून बाबांचे खाकरणे ऐकू येते. गाडी पूल ओलांडून पलीकडच्या मुलखात, म्हणजे अमरावती जिल्ह्यात, शिरेपर्यंत ते जागे असतात. मग कूस बदलल्याचा आवाज होतो. आई होती तेव्हा ती म्हणायची, "अहो, झोपा आता. तुमची नाही ती गाडी." त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असे : "माझी नसली म्हणून काय झाले? कुणाची तरी आहेच ना!"

पुलगाव हे नावातच पूल घेऊन बसलेले गाव. आर्वीला जाणारी छोटी गाडी, कापडगिरणीचा भोंगा आणि जिनांच्या आवारातले कापसाचे पांढरे डोंगर एवढ्या भांडवलावर माझे लहानपण गेले. छोटी गाडी बंद पडली, भोंगा थांबला. कापूस मात्र राहिला. मी पुण्याला जाऊन संगणकाच्या धंद्यात शिरलो आणि आई गेल्यावर, बाबा पुण्याला येईनात म्हणून, तो धंदा गुंडाळून इकडे घेऊन आलो. "पुण्यालाही गाड्या ऐकू येतात हो," असे मी त्यांना सांगून पाहिले होते. "येतात," बाबा म्हणाले, "पण त्या ओळखीच्या नाहीत."

गावात राहून संगणकाचे काम मिळेल का, अशी मला धास्ती होती. पण एका जिनिंगच्या शेटजींनीच मला बोलावून घेतले. त्यांचा धरमकाटा गावाबाहेर आणि हिशेबाची कचेरी वर्ध्याला. कापसाची गाडी काट्यावर चढे, भरल्या गाडीचे वजन होई, मग रिकामीचे होई. काट्यावरचा पोरगा पावती फाडी आणि संध्याकाळी पावत्यांचा गठ्ठा घेऊन मोटारसायकलवरून वर्ध्याला जाई. शेटजींना हवे होते ते असे : इकडे काटा स्थिरावला की तिकडे खतावणीत नोंद व्हावी आणि शेतकऱ्याच्या बँकेतल्या खात्यात पैसे जाण्याची चिठ्ठी तिथल्या तिथे निघावी.

माझ्या धंद्यात या प्रकाराला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. नाव भारदस्त असले तरी गोष्ट घरगुती आहे. ओसरीवरून "दूध उतरव रे" अशी हाक द्यावी आणि स्वयंपाकघरात दूध उतरले जावे. हाक देणाऱ्याने जागेवरून हलू नये. फरक इतकाच की इथे स्वयंपाकघर वर्ध्याला आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या दोघांनी ही करामत कशी साधावी याचा एक लेख 1984 साली लिहिला. तो या विषयातला पायाचा दगड समजला जातो. त्यांचा ध्यास असा, की दूरच्या यंत्राला काम सांगणे हे आपल्याच यंत्राला काम सांगण्याइतके सहज वाटले पाहिजे. लिहिणाऱ्याला अंतर जाणवताच कामा नये!

मी हे सारे जावास्क्रिप्टमध्ये करायचे ठरवले. ही भाषा 1995 साली जन्मली ती पडद्यावरची पाने नटवण्यासाठी. पुढे 2009 साली रायन डाल नावाच्या गृहस्थाने नोड तयार केले आणि अंगणात रांगोळ्या घालणाऱ्या या पोरीच्या हाती एकदम घराच्या किल्ल्या दिल्या. तेव्हापासून ती मागल्या दालनात बसून, म्हणजे सर्व्हरवर, हिशेब ठेवते, निरोप घेते, कोठार सांभाळते. आणि खरे सांगायचे तर बरे सांभाळते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी कामाला बसलो. बाबा आरामखुर्ची ओढून शेजारी आले.

"काय चालले आहे?"

"एक लायब्ररी आणतो आहे."

"कोणती? आणि वर्गणी किती?"

मी सांगितले की ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दुसऱ्याने लिहून ठेवलेली तयार कामे यात असतात, ती आपण घरी आणून वापरायची. वर्गणी नाही. बाबांच्या चेहऱ्यावर संशय उमटला. फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी त्यांना हा संशय नेहमीच वाटत आला आहे, आणि पुढे जे दिसले त्याने तो काही कमी झाला नाही. काळ्या पडद्यावर मी 'एनपीएम इन्स्टॉल' लिहून पुढे लायब्ररीचे नाव घातले. मागवली होती एक; पण तिला लागणाऱ्या दुसऱ्या, त्या दुसऱ्यांना लागणाऱ्या तिसऱ्या, अशा सगळ्या जणी भराभर उतरू लागल्या. नवरदेवाला आमंत्रण द्यावे आणि त्याच्याबरोबर वऱ्हाड, वऱ्हाडाबरोबर वाजंत्री आणि वाजंत्र्यांबरोबर त्यांची पोरे यावीत तसे. यांची उतरण्याची जागाही ठरलेली असते. 'नोड मॉड्यूल्स' नावाचा एक कप्पा. तो उघडून पाहू नये, हा शहाणपणा मी पुण्यातच शिकलो होतो.

मग वर्ध्याच्या यंत्रावर चार ओळी लिहिल्या : 'बेरीज' नावाचे एक काम आहे, कोणी दोन आकडे दिले तर त्यांची बेरीज करून परत पाठवावी, आणि अमुक दारावर कान देऊन बसावे. इकडच्या यंत्रावर तीन ओळी : त्या दाराशी जा, 'बेरीज' म्हणून हाक मार, एक आणि एक हे आकडे दे. हाकेची चिठ्ठी साधी असते. ती कोणत्या रीतीने लिहिली आहे, काम कोणते, सामग्री काय आणि चिठ्ठीचा क्रमांक कोणता, बस्स. उत्तराच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक घालून परत पाठवायचा, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या हाकेचे याचा गोंधळ होत नाही.

मी कळ दाबली. डोळ्याचे पाते लवायच्या आत उत्तर आले : दोन.

मला झालेला आनंद लपेना. बाबा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एक आणि एक दोन, हे वर्ध्याला विचारून कळले तर! आमच्या वेळी पुलगावातही माहीत होते."

पण त्यांना खरी गंमत वाटली ती माझ्या चुकीची. पुढच्या खेपेस मी कामाचे नाव लिहिताना एक अक्षर चुकलो, तर वर्ध्याहून तडक उत्तर आले : उणे 32601. या रीतीत त्याचा अर्थ, 'असले काम इथे होत नाही.' बाबा खुर्चीत पुढे झुकले. "हा माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "नाही तर नाही, पण सांगतो तरी. जो काहीच बोलत नाही त्याला भी." मी हसलो आणि ते वाक्य विसरूनही गेलो.

दसऱ्याच्या सुमारास शेतांतून सीतादही झाले, पहिला वेचा निघाला आणि काट्यावर गाड्या लागू लागल्या. पहिले आठ दिवस माझी हाक वर्ध्याला पोहोचत होती, तिकडून उत्तर येत होते, पावती छापली जात होती. शेटजी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा दाखवत. मग एका दुपारी वाऱ्या-पावसाने गावातली रेंज खालीवर होऊ लागली. दहा सेकंदांत उत्तर आले नाही तर पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' असे उमटावे, ही माझीच तजवीज. पोरगा मोठा आज्ञाधारक. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मग आणखी एकदा केला. संध्याकाळी वर्ध्याच्या खतावणीत एकाच ट्रॉलीचा कापूस तीनदा आलेला होता.

झाले होते असे, की हाक दर वेळी पोहोचली होती. वाटेत हरवले होते ते उत्तर. पैसे अजून सुटले नव्हते म्हणून निभावले. शेटजी फक्त म्हणाले, "साहेब, एवढा कापूस पिकला असता तर शेतकऱ्यानेच मला विकत घेतला असता!" मला मात्र हे फार लागले. रात्री बसून मी उपाय केला, आणि तोच माझा खरा अपराध. पुन्हा प्रयत्न करण्याची सोयच मी काढून टाकली. हाक एकदाच द्यायची. उत्तर आले तर ठीक, नाही आले तरी हाक पोहोचली असेल असे धरून पुढची गाडी घ्यायची. तीनदा लिहिण्यापेक्षा हे बरे, असे मी स्वतःला समजावले. आधी प्रत्येक वेळी हाकच तर पोहोचली होती!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी तोरण बांधत असताना फाटकाशी एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले. नदीपलीकडचे. धनत्रयोदशीला त्यांनी पहिल्या वेच्याचा कापूस घातला होता, नऊ क्विंटल पासष्ट किलो. दोन दिवस ते बँकेत जाऊन येत होते. जिनावर विचारले तर खतावणीत त्यांचे नावच नव्हते, आणि शेटजींच्या माणसाने त्यांना माझ्या घराचा पत्ता दिला होता. त्यांच्या हातात पावतीही नव्हती, कारण पावती उत्तर आल्यावर छापायची, ही आणखी एक माझीच हुशारी. काट्यावरच्या पोराने "झालं काका, जा" म्हणून त्यांना वाटेला लावले होते.

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. टोपी नीट करीत ते म्हणाले, "तुमी बनवलेलं मशीन लय हुशार हाय म्हन्ते लोकं. मंग माहं नाव काऊन इसरलं?"

मी त्यांना घेऊन काट्यावर गेलो. पोराला ते आठवत होते, गाडीही आठवत होती; वजन मात्र 'साडेनऊच्या वर काहीतरी.' कापूस केव्हाच ढिगात मिसळला होता. कापसावर कुणाचे नाव लिहिलेले नसते. शेटजी भले माणूस, त्यांनी म्हाताऱ्यांचा शब्द धरला; गल्ल्यातून थोडी रक्कम तिथेच दिली आणि बाकीची बँक उघडल्यावर पाठवली. म्हातारे पैसे धोतराच्या कनवटीला लावून, बस मिळाली तर पूजेपर्यंत घरी पोहोचतो म्हणाले. नातवंडांना फटाके घ्यायचे राहिले आहेत, एवढेच जाताजाता बोलले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी पूजा झाली, पण मी कुठे होतो कोण जाणे. बाबांनी काही विचारले नाही. रात्री फटाक्यांचा आवाज थोडा निवल्यावर मीच त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एका पावसाळ्यातली गोष्ट सांगू लागले. ही मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

वाचकांपैकी जे रेल्वेच्या घरात वाढले असतील त्यांना ब्लॉकचे यंत्र माहीत असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून गाडी सोडण्याआधी इकडचा मास्तर पुढच्या स्टेशनला घंटीचे दोन टोले देतो; त्याचा अर्थ, 'लाइन मोकळी आहे का?' पुढचा मास्तर तेच दोन टोले परत देतो, म्हणजे प्रश्न पोहोचला. मग तो आपल्या यंत्राची मूठ फिरवतो आणि इकडच्या यंत्राचा काटा 'लाइन क्लिअर'वर येतो. तो येईपर्यंत गाडीला बाहेर सोडणारा शेवटचा सिग्नल खाली पडतच नाही. कुलूपच असते त्याला. गाडी निघाली की तीन टोले, पोहोचली की चार. प्रत्येकाला परतीचे टोले आलेच पाहिजेत. मैलोगणती दूर बसलेल्या माणसाने हात फिरवावा आणि इकडचे कुलूप उघडावे! मी पुण्याहून शिकून आलो ते बाबा जन्मभर करीत होते, आणि हे माझ्या ध्यानात त्या दिवाळीच्या रात्री आले.

"यंत्र बिघडले होते," बाबा म्हणाले. "तसे झाले की फोनवर लाइन क्लिअर घ्यायचा. पण नुसते 'क्लिअर' म्हटलेले चालत नाही. पलीकडच्याने प्रायव्हेट नंबर द्यायचा. त्याच्यापाशी नंबरांचा छापील कागद असतो. एक नंबर द्यायचा, खोडायचा, वहीत लिहायचा. तो पुन्हा वापरायचा नाही. त्या रात्री पाऊस असा, की फोनमध्ये नुसती खरखर. मला 'क्लिअर' ऐकू आले. नंबर नाही ऐकू आला. मी गाडी रोखली. चाळीस मिनिटे. ड्रायव्हर येऊन भांडला, प्रवासी खाली उतरले. पुढे वरून खुलासा मागवणारा कागद आला तो निराळाच."

"आणि पलीकडे काय होते?"

"काही नव्हते. लाइन मोकळीच होती."

मी पुढे काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबलो. पण गोष्ट तेवढीच होती.

थोड्या वेळाने बाबांनीच विचारले, "तुझ्या चिठ्ठीवर नंबर असतो म्हणालास ना? तो कोण घालतो?"

"लायब्ररी घालते. आपोआप. प्रत्येक हाकेला एक."

"प्रत्येक हाकेला नवा?"

"हो."

"मग तिथेच घोळ आहे. गाडी एक, हाका तीन, नंबर तीन. वर्ध्याच्या माणसाला वाटणार गाड्या तीन. नंबर हाकेला नको रे. गाडीला दे."

मी बिरेल-नेल्सनांचा तो जुना लेख काढून पुन्हा वाचला. त्यांनी हे लपवलेले नव्हते. मीच पूर्वी घाईने वाचले होते. उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले असे समजा. उत्तर न येता अडचणीची सूचना आली, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल. यांतले कोणते, हे हाक देणाऱ्याला इकडे बसून कळायला मार्ग नाही. दूरचे काम जवळचे वाटावे म्हणून एवढा खटाटोप. आणि इथे नेमके अंतर उघडे पडते. मी एकदा त्या मौनाचा अर्थ 'झाले नाही' असा केला आणि एकदा 'झाले' असा. दोन्ही वेळा मीच आपल्या मनाने.

भाऊबीज झाल्यावर कामाला लागलो. गाडी काट्यावर चढली की आधी तिला क्रमांक द्यायचा, काट्याच्या यंत्रात तो वजनासकट लिहून ठेवायचा आणि पावती तेव्हाच शेतकऱ्याच्या हाती द्यायची. वर्ध्याला हाक त्यानंतर. उत्तर येत नाही तोवर तो क्रमांक 'बाकी' म्हणून राहणार आणि यंत्र तीच हाक पुन्हा पुन्हा देत राहणार, त्याच क्रमांकाने. वर्ध्याच्या यंत्राने आधी आपली वही पाहायची. क्रमांक नवा असेल तर नोंद करायची, आणि जुना असेल तर काही न करता मागे दिलेले उत्तरच पुन्हा द्यायचे. लिहायला हे दोन दिवसांचे काम होते. परीक्षा मात्र आठवडाभर चालली, कारण परीक्षक बाबा होते. मी हाक दिली की ते तार उपसत. कधी हाक जाण्याआधी, कधी गेल्यावर, तर कधी उत्तर अर्ध्या वाटेवर असताना. नेमका अडचणीचा क्षण गाठण्यात त्यांचा हातखंडा होता. शेजारी एका वहीत रेघा आखून ते क्रमांक लिहीत आणि उत्तर आले की त्यावर काट मारीत. दोनदा त्यांनी माझी चूक पकडली. एकदा तर वर्ध्याचे यंत्रच, क्रमांक टिपल्यावर पण वजन लिहिण्याआधी, बंद करायला लावले. क्रमांक आणि वजन ही दोन्ही एकदमच लिहिली जावीत, नाही तर एकही लिहिले जाऊ नये, हे त्यातून निघाले.

यंदा दसऱ्याला शेटजींनी काट्याची पूजा केली तेव्हा बाबांनाही बोलावले होते. पुष्कळ दिवसांनी त्यांनी पांढरा कोट बाहेर काढला. पूजेनंतर पहिल्या दोन-तीन गाड्या सुरळीत गेल्या, आणि चौथीच्या वेळी रेंज गेली. नदीपलीकडचीच गाडी होती, पण ते म्हातारे नव्हते. त्यांच्या गावचा एक तरुण होता. पावती त्याच्या हातात पडलेली होती. पडद्यावर 'बाकी' उमटले. पोरगा माझ्याकडे पाहू लागला आणि मी बाबांकडे.

"राहू दे," बाबा म्हणाले. "ते आपले आपण विचारते आहे ना पलीकडे? विचारू दे."

आम्ही थांबलो. बाहेर ट्रॉलीतून कापूस उतरत होता आणि वाऱ्याने त्याचे पुंजके आवारभर हिंडत होते. सहा-सात मिनिटांनी रेंज आली आणि पडदा हलला. मी वर्ध्याला फोन लावून खतावणीत पाहायला सांगितले. हाक अकरा वेळा गेली होती. नोंद एक होती.

"नंबर तोच आला का?" बाबांनी विचारले.

"तोच आला."

त्यांनी खिशातून घड्याळ काढून पाहिले, चष्मा पुसला आणि पोराला म्हणाले, "बाळ, इथे चहा कुठे मिळतो रे?"